दोरीचे पैसे

भारतातून पाहुणे आले की आमचा एडिनबरा दर्शनाचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी किल्ला, मग रॉयल माइलने उतरत उतरत सेंट जाइल्सचे चर्च. चर्चच्या दाराजवळ फरसबंदीत रंगीत दगडांनी एक बदाम काढलेला आहे, पत्त्यांतल्या बदामासारखा. तिथे थांबून मी पाहुण्यांना सांगतो, "यावर थुंकायचे असते." मागे माझे मामा आले होते. चाळीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, "अरे, जन्मभर पोरांना रस्त्यात थुंकू नका म्हणून सांगत आलो, आणि तू मला विलायतेत आणून हे करायला सांगतोस?" एवढ्यात एक सुटाबुटातले स्थानिक गृहस्थ आले, चालता चालता नेमके त्या बदामावर थुंकले आणि शांतपणे पुढे निघून गेले. मामा बघतच राहिले.

त्यावर थुंकले की नशीब उघडते, असे हल्ली गाइड सांगतात. मूळ कारण वेगळे आहे. त्या जागी पूर्वी शहराचे टोलबूथ होते. टोलबूथ म्हणजे, सोपे करून सांगायचे तर, आपली चावडी. कर इथेच भरायचा, शहराची सभा इथेच भरायची, आणि कोठडीही इथेच. पुढे पुढे बाकीची कामे दुसरीकडे गेली आणि तुरुंग तेवढा उरला. लोक येता-जाता त्याच्या दारावर थुंकत, ते तिरस्काराने. या तुरुंगालाच लोक थट्टेने मिडलोथियनचे, म्हणजे या परगण्याचे, हृदय म्हणत. सर वॉल्टर स्कॉटने १८१८ मध्ये आपल्या कादंबरीला हेच नाव दिले : 'द हार्ट ऑफ मिडलोथियन'.

मी साहित्याचा अभ्यासक नाही. बारावीनंतर इंग्रजी वाचले ते बहुतेक शरीरशास्त्राचे आणि औषधांचे. स्कॉटचे नाव माहीत होते ते एवढ्यापुरतेच, की आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलताना ते हटकून निघते. १९९७ मध्ये इथे आलो, तेव्हा एका चॅरिटी शॉपमध्ये स्कॉटच्या कादंबऱ्यांचा जुना संच पडेल भावात मिळाला. हिवाळ्यातल्या रात्रपाळ्यांत त्यातले हे एक पुस्तक वाचले. भाषा अवघड, त्यात स्कॉट्स बोलीतले संवाद. पहिली शंभर पाने मी आडवाटेने चालल्यासारखी काढली. पण पुस्तक पुरे झाले तेव्हा मला झोप लागेना. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी गोष्ट.

गोष्टीचा पहिला भाग खरा घडलेला आहे. १७३६ साली अँड्र्यू विल्सन आणि जॉर्ज रॉबर्टसन या दोघांना जकात अधिकाऱ्याला लुटल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. लोकांची सहानुभूती या दोघांकडे होती. इंग्लंडशी एकीकरण होऊन जेमतेम २९ वर्षे झाली होती, नव्या करांवर राग होता, आणि चोरटा माल आणणाऱ्याला कोणी फारसा गुन्हेगार मानत नसे. त्यातून फाशीच्या आधीच्या प्रार्थनेसाठी दोघांना चर्चमध्ये नेले असताना विल्सनने पहारेकऱ्यांना अक्षरशः हातांनी आणि दातांनी धरून ठेवले आणि तरुण रॉबर्टसनला पळवून लावले. स्वतः मात्र तिथेच राहिला. १४ एप्रिलला ग्रासमार्केटच्या चौकात त्याला फाशी दिली. गर्दीने दगड मारले आणि शहर पहाऱ्याचा कप्तान जॉन पोर्टियस याच्या शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. निदान सहाजण मेले. काही तर खिडक्यांतून नुसते बघणारे होते.

पोर्टियसवर खटला झाला, तो दोषी ठरला, ८ सप्टेंबर ही फाशीची तारीख ठरली. इथपर्यंत व्यवस्था आपले काम करत होती असे म्हणायला हरकत नाही. पण राजा दुसरा जॉर्ज हानोव्हरला गेलेला होता आणि त्याच्या जागी कारभार पाहणाऱ्या राणी कॅरोलाइनने फाशी सहा आठवडे पुढे ढकलली. एडिनबराच्या लोकांना त्याचा एकच अर्थ लागला : आमची माणसे मारणारा लंडनच्या कृपेने सुटणार.

७ सप्टेंबरच्या रात्री हजारो लोक जमले. त्यांनी आधी शहराच्या वेशी ताब्यात घेतल्या, म्हणजे बाहेरचे सैन्य आत येऊ नये. शहर पहाऱ्याची हत्यारे काढून घेतली. टोलबूथचा दरवाजा हातोड्यांनी तुटेना तेव्हा जाळला. पोर्टियस धुराड्यात लपला होता, त्याला ओढून काढले आणि वेस्ट बोच्या उतारावरून ग्रासमार्केटला नेले. दोरी नव्हती. वाटेतले एक दुकान उघडून दोरी घेतली आणि दुकानदाराचे नुकसान नको म्हणून तिथे एक गिनी ठेवली. मग एका रंगाऱ्याच्या खांबाला त्याला लटकवले आणि सगळे आपापल्या घरी गेले. इतर कुठे लूट नाही, जाळपोळ नाही.

स्कॉट यात आणखी एक तपशील घालतो. ओढत नेताना पोर्टियसच्या पायातली सपाता गळून पडते. जमाव थांबतो, सपाता शोधतो, त्याच्या पायात पुन्हा घालतो आणि मग पुढे चालू लागतो. काही जुन्या वर्णनांत मात्र ही फाशी एवढी नीटनेटकी नाही, त्याचे बरेच हाल झाले असे येते. मला तेच जास्त खरे वाटते, कारण मी अपघात विभागात काम केले आहे. पण गिनीची गोष्ट सगळेच सांगतात.

आपल्याकडे जमाव म्हटला की आपण वणवा, महापूर असल्या उपमा देतो. माणसे पशू झाली, म्हणतो. स्कॉटने दाखवलेला जमाव तसा नाही, आणि म्हणूनच तो मला भयंकर वाटतो. त्या रात्री त्या माणसांमधली सभ्यता नाहीशी झालेली नव्हती. दुकानदाराचे पैसे बुडवू नयेत हे त्यांना कळत होते. थंडीत माणसाचा पाय उघडा पडू नये हेही कळत होते. एवढे सगळे कळत असताना त्यांनी दोरी घेतली.

आता माझी झोप का उडाली ते सांगतो.

१९९३ साली मी इंटर्न होतो. ग्रामीण भागातल्या पोस्टिंगमध्ये एका तालुक्याच्या गावी तीन महिने होतो. गावाचे नाव सांगत नाही. तीस खाटांचे रुग्णालय, एक मेडिकल ऑफिसर, दोन सिस्टर, एक कंपाउंडर. कंपाउंडरना आम्ही सगळे काका म्हणत असू. मेडिकल ऑफिसर आठवड्यातले निम्मे दिवस जिल्ह्याच्या गावी स्वतःच्या दवाखान्यात असत. हजेरीपटावर त्यांची सही असे, ते नसत. हे सगळ्या गावाला माहीत होते.

आठवडी बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, एक बाई बाळंत झाली. तिसरी खेप. बाळ छान रडले. पण नंतर रक्तस्राव थांबेना. जी इंजेक्शने होती ती दिली, सलाईन लावले, पोटावर हाताने दाबून गर्भाशय आवळायचा प्रयत्न सिस्टर आणि मी आळीपाळीने करत राहिलो. रक्ताची बाटली मिळणार ती जिल्ह्याला, चाळीस किलोमीटरवर, आणि जीपचा ड्रायव्हर साहेबांना सोडायला गेलेला. साडेसातच्या सुमारास ती गेली. तेवीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याच वयाची.

बाजारातून माणसे जमू लागली. लाईट गेले होते. "मोठा डॉक्टर कुठाय?" एवढा एकच प्रश्न ते विचारत होते, आणि तो प्रश्न अगदी बरोबर होता. काका लेबर रूमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आत बायका आहेत, पोरं आहेत. आत येऊ नका." त्यावर लोकांनी काय केले? त्यांनी आधी आतल्या बाळंतिणींना खाटांसकट उचलून बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवले. अलगद. एक मुलगा एकीची सलाईनची बाटली हातात उंच धरून खाटेबरोबर चालत गेला. नुकत्याच जन्मलेल्या त्या बाळाला कोणी तरी स्वतःच्या घोंगडीत गुंडाळले. आणि मग त्यांनी काकांना मारले.

पुढे होता तो रुग्णालयासमोरचा चहावाला. रोज संध्याकाळी मला चहा आणून देणारा, माझे उधारीचे खाते ठेवणारा. एका हातात त्याच्या दुकानातली गॅसबत्ती, दुसऱ्या हातात लोखंडी गज. मला बघून तो म्हणाला, "डॉक्टरसायेब, तुमी भायेर या. तुमाला कुनी हात लावनार न्हाई." आणि मी बाहेर गेलो. काकांच्या बाजूने, त्यांना ओलांडून.

काकांचा डावा कोपर मोडला होता. दुसऱ्या दिवशी प्लास्टर मीच घातले. हात पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही, असे नंतर कळले. तिसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला आले. कोणाकोणाला ओळखलेत, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "लाईट गेले होते. अंधारात काही दिसले नाही."

लाईट गेले होते हे खरे होते. पण गॅसबत्ती त्याच्याच हातात होती, आणि त्या रात्री मला सर्वांत स्पष्ट दिसलेला चेहरा त्याचाच होता.

सिस्टरनीही तेच सांगितले. गावातल्या कोणीच काही पाहिले नव्हते. फौजदारांनी मेडिकल ऑफिसरविषयी मला विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही. हजेरीपटावर सही होतीच. प्रकरण मिटले. काका मला म्हणाले, "बरं केलंत साहेब. तुम्हाला इथं अजून दोन महिने काढायचेत." हे ते मनापासून म्हणाले की आणखी कसे, ते मी आजवर ठरवू शकलेलो नाही. चहावाला संध्याकाळी नेहमीप्रमाणे चहा घेऊन आला. त्या दिवसापासून मी गाव सोडेपर्यंत त्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. आणि मी तो चहा प्यायलो, हेही सांगून टाकतो.

गिनीच्या गोष्टीने मला का झोपू दिले नाही, ते आता लक्षात येईल.

पोर्टियसच्या मृत्यूनंतर काय झाले तेही इतिहासात आहे. सरकारने बक्षीस लावले, पकडापकडी केली, पण कोणालाही शिक्षा होऊ शकली नाही. १७३७ मध्ये पार्लमेंटने शहराला दोन हजार पौंड दंड केला, तो पोर्टियसच्या विधवेसाठी, आणि शहराच्या प्रोव्होस्टला कायमचे पदासाठी अपात्र ठरवले. शिवाय हुकूम काढला की, मारेकऱ्यांना हजर होण्यास फर्मावणारा कायदा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वर्षभर, चर्चच्या व्यासपीठावरून वाचला जावा. कित्येक पाद्रींनी तो वाचायचे टाळले. जिथे वाचला गेला तिथेही ऐकणाऱ्यांत त्या रात्री दोरी धरलेले असणारच. कोणी उठून उभे राहिले नाही. हजारो माणसांनी पाहिलेली गोष्ट कोणीच पाहिलेली नव्हती.

टोलबूथचा दरवाजा जळाला तेव्हा शहराची व्यवस्था मोडली, असे वरवर वाटते. मला वाटते, दरवाजा नवा बसवता येतो आणि तसा तो बसवलाही. (पुढे १८१७ मध्ये इमारत पाडली, तेव्हाचा दरवाजा स्कॉटने मागून घेतला आणि ॲबट्सफर्डच्या आपल्या घराच्या भिंतीत बसवला. तिथे तो आजही बघायला मिळतो. बोर्डर्सकडे सहलीला गेलात तर जरूर पाहा.) मोडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा एकेक सभ्य माणूस म्हणाला की मी झोपलो होतो. आणि त्याआधीही एकदा मोडले होते, हे विसरून चालणार नाही. ज्या दिवशी लोकांना वाटले की न्याय मागायची जागा इथे नाही, लंडनला आहे, आणि तिथे आपले कोणी ऐकत नाही, त्या दिवशी. आमच्या त्या रुग्णालयात गज हाणला चहावाल्याने, पण पहिला घाव हजेरीपटावरच्या खोट्या सहीचा होता.

मात्र स्कॉटची कादंबरी दंगलीची नाही. दंगल हा नुसता दरवाजा आहे, त्यातून आत गेल्यावर खरी गोष्ट सुरू होते. त्या तुरुंगात एफी डीन्स नावाची एक तरुण मुलगी आहे. तिच्यावर बालहत्येचा आरोप आहे. लग्नाआधी तिला मूल झाले आणि ते नाहीसे झाले. तिने ते मारलेले नाही. पण १६९० चा कायदा असा की, बाईने गरोदरपण लपवले, बाळंतपणात कोणाची मदत मागितली नाही आणि मूल सापडत नाही, तर तिने खून केला असेच धरायचे. पुरावा लागत नाही. सुटकेची वाट एकच : तिने आपली अवस्था कोणाला तरी सांगितली होती, हे सिद्ध झाले पाहिजे. तिची थोरली बहीण जीनी एवढेच म्हणाली की "मला तिने सांगितले होते", तर खटला कोसळतो. पण एफीने तिला सांगितलेले नाही. आणि जीनी शपथेवर खोटे बोलायला तयार नाही.

जमावाने दरवाजा जाळला त्या रात्री सगळे कैदी पळाले. एफीला तिचा प्रियकर, म्हणजे तोच पळालेला रॉबर्टसन, चल म्हणून विनवत होता. ती गेली नाही. तुरुंगाचे दार सताड उघडे आणि ती आत बसून राहिली. खटल्यात जीनीने खरे तेच सांगितले. एफीला फाशीची शिक्षा झाली. मग जीनी लंडनच्या वाटेला लागली, बराचसा प्रवास पायी, कित्येकदा अनवाणी. ड्यूक ऑफ आर्गाइलला गाठले, त्याच्यामार्फत राणी कॅरोलाइनला भेटली, आणि बहिणीसाठी माफी मिळवली. हीच ती राणी, जिच्या एका माफीने शहर पेटले होते. पुढे कळते की मूल मेलेलेच नव्हते.

हीही सारी कल्पना नव्हे. हेलन वॉकर नावाच्या एका गरीब बाईने आपल्या बहिणीसाठी असेच केले होते : खोटी साक्ष नाकारली आणि पायी लंडन गाठले. डमफ्रीसजवळ आयर्नग्रेच्या चर्चच्या आवारात तिच्या कबरीवर स्कॉटने १८३१ मध्ये दगड बसवला.

त्या कायद्याविषयी वाचताना मला पुणे आठवत होते. आपल्याकडेही विधवांच्या पोटी राहिलेले मूल, लपवलेले गरोदरपण आणि मग आडात सापडलेले अर्भक, ही कहाणी घराघरांत होती. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अशाच आरोपावरून फाशी सुनावली गेली, नंतर ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. पण त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवून जावे. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करता करता गेल्या. आमच्या धंद्यातला हा पूर्वज मला मेडिकल कॉलेजात कोणी शिकवला नाही. कायदा विचारत होता, तू कोणाला का सांगितले नाहीस? फुल्यांनी सांगता येईल अशी एक जागाच उघडून दिली.

जीनीवरून आमच्या घरी मोठा वाद झाला. माझी बायको म्हणाली की ही जीनी तिला मुळीच आवडली नाही. एका वाक्यात बहिणीचा जीव वाचत असताना कसले सत्य घेऊन बसलीस? तिने मला कर्णपर्वातल्या कौशिकाची आठवण करून दिली. खरेच बोलायचे असे व्रत घेतलेला तो तपस्वी. दरोडेखोरांनी विचारले, लोक कुठे पळाले? त्याने खरे सांगितले, ते लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्णच अर्जुनाला सांगतो. आपली परंपरा सत्याच्या बाबतीत स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांहून शहाणी आहे, असे तिचे म्हणणे.

मला ते पटले आणि जरा बरेही वाटले. कौशिकापेक्षा आपण शहाणे निघालो, असे मनात आलेच.

आमची मुलगी इथेच वाढली, कायद्याचे शिक्षण घेते. तिला मी त्या रात्रीची हकीकत तोवर सांगितलेली नव्हती. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, कौशिक खोटं बोलला असता तर पळणारी माणसं वाचली असती. तुम्ही खोटं बोललात तेव्हा कोण वाचलं?" मी म्हणालो, मी वाचलो. ती म्हणाली, "हो ना. मग कौशिकाला कशाला मध्ये आणता?"

मी माझी बाजू मांडली. एकटा होतो, तेवीस वर्षांचा होतो, रात्री त्याच आवारात झोपायचे होते. त्या लोकांचा राग खरा होता; त्या चहावाल्याला सजा झाली असती आणि सही ठोकून गायब असलेले साहेब सुटले असते, म्हणजे तोही न्याय नव्हताच. ती म्हणाली, "मग दोन्ही सांगायचं होतं." त्या वयात इतके सोपे वाटते. पण ती चूक आहे असे मला म्हणता आले नाही. जीनीने नेमके दोन्ही केले होते. कोर्टात खरे सांगितले, आणि तेवढ्यावर हात झटकून घरी बसली नाही. वाईट कायद्याच्या तावडीतून बहिणीला सोडवायला पायाचे तुकडे पडेतो चालली. मी दोन्हींतले एकही केले नाही. बायको तरीही म्हणते की जीनीचे नशीब म्हणून राणी भेटली. भेटली नसती तर बहीण फासावर आणि हिचे सत्य हिच्यापाशी. तेही खरे आहे. त्या रात्री आमचा निकाल लागला नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये दंगली झाल्या. साउथपोर्टला मुलींची हत्या झाली, खोट्या अफवा पसरल्या, मशिदींवर आणि निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेले. स्कॉटलंडमध्ये तसे घडले नाही, तरी आपल्यातल्या अनेकांनी त्या आठवड्यात एकमेकांना फोन केले, मुलांना उशिरापर्यंत बाहेर राहू नका म्हणून सांगितले. साउथपोर्टच्या मशिदीची भिंत दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या लोकांनी येऊन दुरुस्त करायला हातभार लावला, ती छायाचित्रे आपण सगळ्यांनी कौतुकाने एकमेकांना पाठवली. पुढे शेकडो जणांना शिक्षा झाल्या, त्यात मोठा वाटा कॅमेऱ्यांचा. मोबाइल, दुकानांतले कॅमेरे, पोलिसांच्या छातीवरचे कॅमेरे. मला दिलासा वाटला हे कबूल करतो. पण एक शंकाही आली. आता साक्ष यंत्र देते. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे नाव घ्यायची वेळ फारशी येत नाही. ज्या दिवशी लाईट जातील आणि कॅमेरा नसेल, त्या दिवशी ही सवय आपल्यात कुठून येणार? १७३६ च्या एडिनबरात ती नव्हती, १९९३ च्या त्या गावात नव्हती.

मी २०१४ मध्ये त्या गावी जाऊन आलो. रुग्णालयाची नवी इमारत झाली आहे. लिंब आहे. चहावाला वारला, त्याच्या जागी मोठे हॉटेल आहे, मुलगा चालवतो. मी ओळख दिली नाही, चहा घेतला, पैसे दिले, त्याने ते घेतले. काकाही निवृत्तीनंतर गेले असे समजले. त्यांच्या घरी जायला मी धजलो नाही. बस सुटायची वेळ झाली होती, असे मी स्वतःला सांगितले.

मुलगी आता म्हणते की काकांच्या मुलाला पत्र लिहा. त्याचा पत्ता तिनेच दोन महिन्यांपूर्वी कोणाकडून तरी मिळवला. पत्र मी चार वेळा लिहिले आहे. दरवेळी त्या रात्रीपर्यंत येतो, बाळंतिणींच्या खाटा बाहेर नेल्या ते लिहितो, त्या मुलाने उंच धरलेली सलाईनची बाटली लिहितो. गॅसबत्ती कोणाच्या हातात होती, तिथे पेन थांबते. आता त्या नावाच्या माणसाला काही होणार नाही. त्याचा मुलगा त्याच रस्त्यावर हॉटेल चालवतो, आणि काकांचा मुलगा त्याच गावात राहतो. रोज तिथेच चहा पीत असेल.